जुन्या डिझेल ट्रकच्या इंजिनात वेगळा आवाज येतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडच्या बाजूला उसाचा हंगाम तोंडावर आला की गॅरेजसमोर ट्रकांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकाच वाक्याची असते: "इंजिन वाजतंय, जरा बघा." त्या एका वाक्यावरून कुणी हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उघडतं, कुणी चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवतं, आणि दोन दिवसांनी कळतं की दुखणं भलतीकडेच होतं. माझं सांगणं असं की आवाज कसला आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी शोधा. ते कळेपर्यंत इंजिनाला पाना लावू नका.

इथली उत्तरं जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांसाठी आहेत: टाटाचं ६९७ आणि ४९७, कमिन्सचं ६बीटी, लेलँडची त्या पिढीतली इंजिनं. सेन्सर आणि कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल) असलेल्या गाड्यांना यातलं सगळं लागू पडत नाही. जिथे धोका आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

डिझेल इंजिन मुळातच ठोकतं. मग वेगळा आवाज ओळखायचा कसा?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा साधारण १६ ते १८ पट दाबतो, त्या दाबाने हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि नोझल त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा मारतं. फवारा पडणं आणि पेटणं यांच्यामध्ये एक बारीकसा क्षण जातो. तेवढ्यात साठलेलं डिझेल एकदम पेट घेतं, तोच डिझेलचा ओळखीचा ठोका. इंजिन गार असलं की पेटायला जास्त वेळ लागतो, जास्त डिझेल साठतं आणि ठोका मोठा होतो. म्हणून थंडीत पहाटे पहिल्या स्टार्टला गाडी कर्कश वाजली तर घाबरायचं कारण नाही. पाच-दहा मिनिटांत आवाज मऊ व्हायला हवा.

निरोगी इंजिनाचा ठोका एकसारखा असतो. भजनात एकाचा टाळ चुकला की कान आपोआप तिकडे जातो, तसंच इथे होतं. त्या तालात न बसणारा, एकाच जागचा किंवा गाडीत काल नव्हता असा आवाज आला तर तो वेगळा समजायचा. आणि हे सगळ्यात आधी ड्रायव्हरला कळतं. मालकांनो, रोज गाडीवर असणारा माणूस "आज काहीतरी वेगळं लागतंय" म्हणाला तर त्याचं ऐका.

आवाज आला की पहिल्या मिनिटात काय करायचं?

ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघा, मग पाण्याच्या तापमानाकडे. काटा नेहमीपेक्षा खाली असेल किंवा लाल दिवा लागला असेल आणि सोबत जड, खोल ठोका असेल, तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढचा ढाबा गाठू, गावापर्यंत नेऊ, असला विचार करू नका. ऑइल मिळत नसलेलं बेअरिंग काही मिनिटांत क्रँकवर (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) घासून चिकटतं. मग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. बेअरिंगच्या एका सेटवर भागलं असतं, त्याचा खर्च पूर्ण इंजिनावर जातो.

काटा किती असावा, हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं. उदाहरण म्हणून कमिन्सच्या बी मालिकेचं सांगतो. इंजिन गरम असताना आयडलला (रेस न देता) दर चौरस सेंटिमीटरला निदान ०.७ किलो आणि पूर्ण फेऱ्यांवर निदान २.१ किलो प्रेशर लागतं. पण हे आकडे तळातले आहेत. आपली गाडी एरवी किती दाखवते, ते निरोगी असतानाच लिहून ठेवा.

काटा जागेवर असेल तर इंजिन बंद करून डिपस्टिक बघा. ऑइल कमी आहे का? दुधाळ झालंय का, म्हणजे त्यात पाणी मिसळलंय का? न भरताच पातळी वाढलीय आणि वासाला डिझेल येतंय का? पंपातून किंवा नोझलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरत असेल तर ऑइल पातळ होतं आणि चांगली बेअरिंगंही वाजायला लागतात. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून भागत नाही, डिझेल कुठून येतंय ते शोधावंच लागतं.

मिस्त्रीला नेमकं काय सांगू?

"खडखड येतंय" एवढं पुरत नाही. खालच्या गोष्टी बघून या. यातली प्रत्येक गोष्ट अर्धी शक्यता बाद करते.

गार असताना येतो की गरम झाल्यावर? गार असताना येऊन नंतर विरतो, तर पिस्टन आणि बोअरमधली (सिलिंडरची आतली भिंत) ढिलाई किंवा मॅनिफोल्डची (हेडला जोडलेला धुराचा पाइप) गळती डोळ्यासमोर येते. गार असताना नाही पण गरम झाल्यावर येतो, तर बेअरिंगकडे बघायचं. गरम ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगमधली ऑइलची गादी बारीक होते, म्हणून तो आवाज तेव्हाच उघडा पडतो.

लोडवर येतो, रिकामी येतो, की रेस सोडताना? चढाला लोड ओढताना येणारा खोल ठोका मेन बेअरिंगचा (ज्यावर क्रँक फिरतो) असू शकतो. जागेवर उभी करून हलकी रेस दिली आणि पटकन सोडली, त्या सुटत्या क्षणी ठकठक आली, तर संशय रॉडच्या बेअरिंगवर जातो.

इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? गाडी पळती असताना क्लच दाबून न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर तो चाकं, जॉइंट किंवा डिफरन्शियलचा आहे, इंजिनाचा नाही. मात्र ही चाचणी सपाट, मोकळ्या रस्त्यावरच करायची. घाटात न्यूट्रल कधीच नाही.

त्याचा ताल काय आहे? व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. आयडलला इंजिन ६०० फेऱ्यांवर असेल तर एका टॅपिटची (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) टिकटिक सेकंदाला पाचदा येते. क्रँकबरोबर फिरणाऱ्या वस्तूचा आवाज त्याच्या दुप्पट, सेकंदाला दहादा. कानाला हे मोजणं अवघड जातं, पण मोबाइलवर रेकॉर्ड करून हळू चालवलं की जमतं. एका ड्रायव्हरने मला तसं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. गाडी न बघताच काम वरच्या बाजूचं आहे एवढं सांगता आलं.

आणि शेवटचं, पण फार मोलाचं: आवाज सुरू होण्याच्या आठवडाभर आधी गाडीला काय काय केलं? डिझेल कुठे भरलं, पंप काढला का, क्लच प्लेट बदलली का, ऑइल कोणतं टाकलं? यातच उत्तर सापडलं असं माझ्याकडे कितीतरी वेळा झालं आहे.

आवाज नेमका कुठून येतो ते कसं शोधायचं?

लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा कोरडी लाकडी काठी घ्या. एक टोक इंजिनावर टेका, दुसरं कानाजवळच्या हाडाला. डॉक्टरच्या नळीसारखं काम होतं. प्रत्येक नोझलजवळ, टॅपिट कव्हरवर, टायमिंग कव्हरवर, पंपावर, कॉम्प्रेसरवर, वॉटर पंपावर आणि शेवटी चेंबरच्या कडेला, असा क्रम ठेवा. मॅनिफोल्डच्या गळतीसाठी रबरी पाइपचा तुकडा जास्त चांगला. एक टोक कानाशी धरून दुसरं फिरवलं की हवा कुठून निसटते ते कळतं.

लोखंडातून आवाज लांब जातो, म्हणून एका जागी मोठा ऐकू आला की निकाल देऊ नका, सगळीकडे फिरून तुलना करा. आणि फॅन चालू असतो हे विसरू नका. गळ्यात उपरणं, मफलर, सैल बाही काही नको.

"सिलिंडर कापून बघणं" म्हणजे काय? मी करू शकतो का?

मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात ही सगळ्यात बोलकी चाचणी आहे. इंजिन आयडलला ठेवायचं आणि एका नोझलकडे जाणाऱ्या पाइपाचा नट पाऊण-एक आटा सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर पडतं आणि त्यातला स्फोट थांबतो. आवाज ऐकायचा, नट घट्ट करायचा, पुढचा घ्यायचा.

नट सैल केल्यावर इंजिनाच्या फेऱ्या पडल्या आणि आवाज तोच राहिला, तर तो सिलिंडर निर्दोष. फेऱ्या पडल्याच नाहीत, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. आवाज गेला किंवा चांगलाच कमी झाला, तर दुखणं त्याच सिलिंडरचं आहे: नोझल, पिस्टन, पिस्टन पिन किंवा रॉडचं बेअरिंग. कुठलाही सिलिंडर कापला तरी फरक नसेल, तर टॅपिट, टायमिंग गिअर, कॉम्प्रेसर, फ्लायव्हील अशा स्फोटाशी संबंध नसलेल्या वस्तूंकडे वळायचं (मेन बेअरिंगचं वेगळं, ते पुढे येतं).

आता सावधगिरी. सैल नटातून निघणाऱ्या डिझेलसमोर बोट धरायचं नाही. जोराची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतून बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात जा आणि "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चष्मा, जाड हातमोजे वापरा, नटाभोवती चिंधी ठेवा, गरम मॅनिफोल्डवर डिझेल सांडू देऊ नका.

कॉमन रेलच्या गाडीवर, म्हणजे बीएस-४ (धुराचा सरकारी मापदंड) आणि त्यानंतरच्या बहुतेक ट्रकवर, ही चाचणी कधीही करू नका. तिथे पाइपात १००० किलोच्याही वर प्रेशर असतं. त्या गाड्यांचे सिलिंडर स्कॅनर लावून बंद करतात.

नोझल ठोकतंय की बेअरिंग? दोन मिस्त्री दोन गोष्टी सांगतात.

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात, आणि पैसाही इथेच वाया जातो. दोन्हींचा ठोका ऐकायला सारखा. सिलिंडर कापला की दोन्ही कमी होतात. म्हणून नुसत्या कानावर निकाल देणारा मिस्त्री कितीही जुना असला तरी त्याला थोडं थांबवा.

नोझलची सुई अडकली किंवा ते टपकायला लागलं की फवाऱ्याऐवजी डिझेलचे थेंब पडतात आणि वेळ चुकवून पेटतात. हा ठोका टणक, धातूवर हातोडी मारल्यासारखा असतो. बहुतेक वेळा सोबत काळा धूर असतो, नाहीतर गार असताना पांढरा. ऑइल प्रेशर मात्र जागेवर असतं. रॉडच्या बेअरिंगचा ठोका त्यापेक्षा जड असतो, धुरात फरक पडत नाही, आणि गरम झाल्यावर काटा खाली येतो.

खात्री करायची सोपी रीत आहे. समजा तिसऱ्या सिलिंडरवर संशय आहे. तिसरं आणि चौथं नोझल अदलाबदल करून बसवा, खालचे तांब्याचे वायसर नवे घाला आणि पुन्हा सिलिंडर कापून बघा. ठोका चौथ्याकडे गेला तर नोझल दोषी, ते पंपवाल्याकडे नेऊन टेस्टरवर लावा. ठोका तिसऱ्यातच राहिला तर चेंबर उतरवायला आता कारण आहे. या कामाला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ न दिल्यामुळे चांगलं इंजिन उघडलं गेल्याचं मी पाहिलं आहे. एकदा उघडलेलं जुनं इंजिन पहिल्यासारखं बसवणं, हे वेगळंच काम असतं.

टॅपिट वाजतात. सेटिंग केलं की संपलं का?

बहुतेक वेळा हो. वरून येणारी हलकी, कोरडी टिकटिक गार-गरम दोन्ही वेळा येते, सिलिंडर कापून जात नाही आणि फेऱ्यांबरोबर जलद होते. कव्हर काढून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावायचं. ६बीटीला इंजिन गार असताना इनटेकचं अंतर ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टचं ०.५१ मिलिमीटर. बाकी इंजिनांचं माप त्यांच्या पुस्तिकेतून घ्या, एकाचं दुसऱ्याला लावू नका. सहा सिलिंडरचा क्रम १-५-३-६-२-४ असला की जोड्या १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४ अशा पडतात. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलत असतील (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) तेव्हा पहिल्याचं सेटिंग करायचं, याप्रमाणे पुढे.

आवाज लपवायला टॅपिट घट्ट करून देणारे लोक आहेत. ते करू नका. घट्ट टॅपिटमुळे व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, त्यातून जळता वायू निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडी टिकटिक असलेलं इंजिन पूर्ण गप्प इंजिनापेक्षा बरं. सेटिंग करूनही एकाच जागी टिकटिक राहिली तर रॉकर, पुशरॉड किंवा कॅमची झीज तपासा. एकाच टॅपिटचं अंतर पुन्हा पुन्हा वाढत असेल, तर कॅमचा उंचवटा खातोय असं समजा.

तळातून खोल ठोका येतो. चेंबर उतरवायच्या आधी काही बघता येतं का?

ऑइल बघता येतं. इंजिन गरम असताना ऑइल स्वच्छ भांड्यात काढा, उन्हात धरा आणि भांडं हलकं हलवा. सोनेरी-तांबूस किंवा रुपेरी चमक दिसली तर ती बेअरिंगची झीज. भांड्यात लोहचुंबक फिरवा. त्याला चिकटलं ते लोखंड: गिअर, कॅम, रिंग. न चिकटता चमकतं ते बेअरिंगच्या थराचं. जुना ऑइल फिल्टर कापून कागद उलगडून बघितला तर याहून नेमकं कळतं. फेकायचाच असतो, तर आधी कापून बघा.

मेन बेअरिंगचा आवाज रॉडपेक्षाही खोल, धप्प असा येतो आणि लोडवर वाढतो. एक सिलिंडर कापून तो जात नाही, पण शेजारचे दोन एकदम कापले की कमी होऊ शकतो, कारण त्या दोघांमधल्या बेअरिंगवरचा भार हलका होतो.

चेंबर उतरवून बेअरिंग घासलेली निघाली तर नुसती नवी बेअरिंग टाकून बंद करू नका. क्रँकचं प्रत्येक जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरने मोजून घ्या. चरे पडले असतील किंवा गोलाई गेली असेल तर ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरची अंडरसाइज (तेवढ्या बारीक झालेल्या क्रँकला बसणारी) बेअरिंग टाकावी लागतात. आणि बेअरिंग का गेली, हे शोधल्याशिवाय इंजिन बांधू नका. ऑइल पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, पिकअपची जाळी, ऑइल कूलर, सगळं बघा. कारण तसंच राहिलं तर नवा सेटही त्याच वाटेने जातो.

गार असताना टकटक येते आणि गरम झाल्यावर पूर्ण थांबते. काम काढू का?

पिस्टन गार असताना थोडा लहान असतो आणि झिजलेल्या बोअरमध्ये डावी-उजवीकडे आपटतो. तापला की फुगतो आणि बसतो. पॉवर ठीक असेल, ऑइल खात नसेल, ब्रीदरमधून (चेंबरची वाफ बाहेर सोडणारी नळी) धूर-हवा जोरात येत नसेल, तर अशी गाडी बरीच चालते. हंगाम काढा. पण दर आठवड्याला किती ऑइल भरलं ते लिहून ठेवा. खप वाढायला लागला की पिस्टन-लायनरच्या कामाची तयारी करा.

फक्त घाट उतरतानाच ठोका येतो. असं कसं?

याचं उत्तर मला आमच्याच ट्रकने शिकवलं. वडिलांच्या वेळी साखरेची पोती घेऊन गाडी कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायची. एका हंगामात घाट उतरताना खणखण ठोका यायला लागला. सपाटीला गाडी अगदी गप्प. एका गॅरेजमध्ये बेअरिंग आहे म्हणून चेंबर उतरवलं, दोन कॅप काढल्या. बेअरिंग नव्यासारखी. पुन्हा बांधलं आणि पुन्हा घाटात ठोका आला. ऐन हंगामात गाडी दोन दिवस उभी राहिली.

शेवटी आमच्या जुन्या ड्रायव्हरमामांनी पकडलं. त्यांनी सांगितलं, "हवा भरून फुस्स झालं की आवाज थांबतो." तेवढ्या एका वाक्यात सगळं होतं. ब्रेकच्या हवेच्या टाक्या भरल्या की अनलोडर (जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह) हवा सोडून देतो आणि त्या भरणारा कॉम्प्रेसर मोकळा फिरतो. घाट उतरताना सारखा ब्रेक लागतो, हवा खर्च होते आणि कॉम्प्रेसरला सतत दाब द्यावा लागतो. कॉम्प्रेसरच्या रॉडचं बेअरिंग गेलं होतं, इंजिनाचं नव्हतं. कॉम्प्रेसर गिअरवर चालत असल्यामुळे त्याचा ठोका टायमिंगच्या बाजूने पूर्ण ब्लॉकमध्ये घुमत होता.

तेव्हापासून एअर ब्रेकची कुठलीही गाडी आली की मी आधी हेच करतो. गाडी जागेवर चाकांना अडण लावून उभी ठेवायची, हवा पूर्ण भरू द्यायची, अनलोडर सुटल्यावर ऐकायचं. मग ब्रेक दाबून दाबून प्रेशर उतरवायचं आणि कॉम्प्रेसर पुन्हा लोड घ्यायला लागला की परत ऐकायचं. पाना लागत नाही, पैसा लागत नाही.

पुढच्या बाजूने करकर, घरघर येते.

इंजिन बंद करून फॅन बेल्ट काढा आणि गार इंजिन जेमतेम मिनिटभर चालवा. आवाज गेला तर वॉटर पंप, अल्टरनेटर किंवा टेन्शनरचं बेअरिंग. बेल्ट काढलेला असतानाच, इंजिन बंद करून, फॅन हाताने हलवून बघा. डुलला तर वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय. तो रस्त्यात तुटला तर फॅन रेडिएटरमध्ये घुसतो, म्हणून याला हंगाम संपेपर्यंत थांबवू नका.

क्लच दाबल्यावर आवाज येतो, सोडल्यावर जातो. किंवा उलटं.

दाबल्यावर येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना येतो आणि दाबल्यावर जातो, तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. इंजिन बंद करताना किंवा आयडलला धडधड येते आणि गेल्याच महिन्यात क्लचचं काम झालंय, तर फ्लायव्हीलचे बोल्ट आणि इंजिन फाउंडेशन (इंजिनाखालचे रबरी आधार) तपासा. सैल फ्लायव्हीलचा ठोका अगदी बेअरिंगसारखा लागतो.

टर्बोची शिट्टी वाढली आहे.

टर्बोची बारीक शिट्टी असतेच. ती पोलिसांच्या सायरनसारखी चढत गेली, किंवा घासल्याची करकर मिसळली, तर इंजिन बंद करून हवेचा पाइप काढा आणि चाक बोटाने फिरवून बघा. आडवा किंचित खेळ चालतो, पण पाती घराला टेकत असतील तर टर्बो संपला. नुसती हवेची फुसफुस, पॉवर कमी आणि काळा धूर असेल तर आधी रबरी होज आणि क्लिपा तपासा. फाटका होज हजारात निघतो आणि लोक टर्बोचं बिल भरतात. खंबाटकी चढून वर आलात की लगेच चावी फिरवू नका. दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, म्हणजे टर्बोच्या शाफ्टला ऑइल मिळत राहील आणि तो गार होईल.

चढाला फट-फट, चफ-चफ असा आवाज येतो.

मॅनिफोल्डच्या गॅस्केटची गळती काळ्या काजळीचा डाग सोडते. नोझलखालचा वायसर गळत असेल तर नोझलभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. तो वेळेवर बदलला नाही तर नोझल हेडमध्ये असं धरतं की काढताना हेड खराब होतं. आवाजासोबत रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट.

डिझेल भरल्यापासून इंजिन जास्त ठोकतंय.

फिल्टरचं डिझेल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. तळाला पाणी किंवा गाळ बसतो का बघा. भेसळीचं रॉकेल डिझेलपेक्षा पातळ असतं आणि पंपाच्या आतल्या भागांना हवं तेवढं वंगण देत नाही, त्यामुळे आवाजही बदलतो आणि पंपही झिजतो. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देतात तो ही भेसळ पकडता यावी म्हणूनच. ठोका अनियमित असेल आणि इंजिन झुलत असेल तर लाइनमध्ये हवा शिरली आहे का तेही बघा.

पंप दुरुस्त करून बसवला आणि सहाही सिलिंडर ठोकायला लागले.

टायमिंग पुढे गेलंय. डिझेल लवकर पडतं आणि पिस्टन वर येत असतानाच पेटतं. गाडी थोडी चपळ वाटते म्हणून काही जण मुद्दाम असं ठेवतात. त्याने पिस्टन, हेड गॅस्केट आणि बेअरिंग तिन्हींवर मार बसतो. उलट टायमिंग मागे राहिलं तर आवाज मऊ, पॉवर कमी, पांढरा धूर, आणि इंजिन तापतं. पंपवाल्याकडून खुणा जुळवून घ्या. आवाजाच्या अंदाजाने पंप फिरवू नका.

गाडी पुराच्या पाण्यात होती. सुरू केल्यावर आवाज येतो.

२०१९ आणि २०२१च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या अशा गाड्या बऱ्याच आल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडचं इंजिन कधी कधी सुरूही होतं, ठोकत ठोकत काही दिवस चालतं आणि मग रॉड मोडतो. बुडालेली गाडी असेल तर आधी सगळी नोझल काढा, इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू द्या, ऑइल आणि फिल्टर बदला. सेल्फ त्यानंतरच.

जाड ऑइल किंवा आवाज बंद करणारं केमिकल टाकलं तर चालेल का?

नाही. जाड ऑइलने ठोका दबतो, पण गार स्टार्टला ते वरपर्यंत पोहोचायला उशीर करतं आणि झीज वाढते. आवाज ही इंजिनाची एकच भाषा आहे, ती दाबून टाकू नका. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० असेल तर तेच टाका.

जुना ट्रक विकत घेतोय. आवाज कसा ऐकू?

सकाळी जा, आणि येतोय हे आधी सांगू नका. बॉनेट किंवा केबिन उघडून सगळ्यात आधी ब्लॉकला आणि मॅनिफोल्डला हात लावा. इंजिन गार असलंच पाहिजे. तुमच्यासमोर पहिला स्टार्ट करायला लावा आणि लगेच ऑइलचा काटा किती वेळात उठतो ते बघा. मग दहा किलोमीटर लोडसकट चालवा, परत येऊन आयडलला ठेवा, आणि गरम इंजिनाचा आवाज व काटा दोन्ही पुन्हा तपासा. डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत घासा. नेहमीपेक्षा जाड, चिकट लागलं तर काहीतरी लपवलं आहे. आणि हात लावला तेव्हाच इंजिन कोमट लागलं, तर चहा घ्या, कागद बघा, भावाचं बोलू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे परत जा.